लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' : श्रोत्यांच्या स्मरणातील संहिता

एखादा लेखक काळाच्या पडद्याआड गेल्यानंतर त्याचे मूल्यमापन समीक्षक करतात आणि त्याचे स्मरण त्याचे वाचक करतात. ही दोन्ही कामे बहुधा एकाच दिशेने चालतात. लोकशाहीर अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्या बाबतीत मात्र तसे घडलेले दिसत नाही. मराठी समीक्षेने अण्णा भाऊंची दखल उशिरा घेतली आणि घेतली ती प्रामुख्याने कादंबरीकार म्हणून. 'फकिरा' (१९५९), तिला १९६१ साली मिळालेला राज्य पुरस्कार, दलित साहित्याचे पूर्वसूरी म्हणून त्यांचे स्थान, मार्क्सवाद आणि आंबेडकरवाद यांच्याशी त्यांचे असलेले नाते हे या चर्चेचे ठरलेले मुद्दे आहेत. परंतु ज्यांनी 'फकिरा' वाचलेली नाही, किंबहुना ज्यांना वाचता येत नव्हते, अशा फार मोठ्या समूहाच्या मनात अण्णा भाऊ टिकून राहिले ते एका गाण्यामुळे. ते गाणे म्हणजे 'माझी मैना' ही छक्कड. दर वर्षी १ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, वाटेगावपासून मुंबईच्या वस्त्यांपर्यंत जे कार्यक्रम होतात त्यांत भाषणे कोणाची होतील हे आधी सांगता येत नाही. 'मैना' होईल हे मात्र निश्चित सांगता येते.

प्रस्तुत लेखात या रचनेचा विचार दोन अंगांनी करावयाचा आहे. एक म्हणजे तिची घडण; आणि दुसरे म्हणजे श्रोत्यांनी ती कशी लक्षात ठेवली, तिच्यातील काय जपले आणि काय सांडले. मौखिक परंपरेतील रचनेच्या बाबतीत ही दोन्ही अंगे परस्परांपासून विलग करता येत नाहीत, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे. छापील कवितेचा वाचक तिचा एखादा शब्द विसरला तरी पुस्तकात तो शब्द सुरक्षित असतो. गाण्याच्या बाबतीत श्रोत्याचे विसरणे ही संहितेतच घडलेली घटना असते.

तुकाराम भाऊराव साठे हे अण्णा भाऊंचे मूळ नाव. जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी, तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात वाटेगाव येथे, मातंग कुटुंबात. शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच. १९३०च्या दशकाच्या आरंभी हे कुटुंब पायी चालत मुंबईस आले, आणि पुढे गिरणीकामापासून हमालीपर्यंत मिळेल ते काम करीत अण्णा भाऊ कामगार चळवळीत आले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले. तमाशाच्या आरंभी येणाऱ्या गणात गणेशाऐवजी मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन करण्याची प्रथा त्यांनी घातली, हे सर्वज्ञात आहे. अण्णा भाऊंचे निधन १८ जुलै १९६९ रोजी झाले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. रचणारा आणि त्याच्या शब्दाला मैदानात आवाज देणारा असे दोघेही एकाच पावसाळ्यात गेल्यामुळे कलापथकाच्या श्रोत्यांपाशी उरली ती केवळ आठवण. आज ज्याप्रमाणे एखाद्या गायकाचे ध्वनिमुद्रण मागे उरते तशी विपुलता या शाहिरांच्या वाट्याला आली नाही. 'मैना' पुढच्या पिढीकडे गेली ती प्रथम तोंडून तोंडी, मग छापील पुस्तिकांतून, आणि बऱ्याच नंतर ध्वनिफितींतून.

अण्णा भाऊ ज्या वाळवा तालुक्यातले, त्याच तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे (१८६६-१९४५) गाव. तमाशाच्या फडातील छक्कड आणि लावणी यांचे जे रूप बापूरावांनी लोकप्रिय केले ते अण्णा भाऊंच्या कानावर लहानपणापासून असणार. बापूरावांनी मुंबईच्या वैभवाची लावणी लिहिली. अण्णा भाऊंनी 'मुंबईची लावणी' लिहून त्याच वैभवाशेजारी परळची वस्ती मांडली आणि मलबार हिलला जाब विचारला. पूर्वसूरीच्या रचनाप्रकाराचा स्वीकार करून त्याच्या आशयाला छेद देण्याची ही रीत 'मैना'मध्येही आहे. फक्त तेथे ती इतकी उघड नाही, म्हणून ती तपशिलात पाहावी लागते.

छक्कड हा तमाशातील लावणीचाच एक प्रकार. आटोपशीर ध्रुपद, ते झेलण्यासाठी झीलकरी, ढोलकी-तुणतुण्याची साथ, आणि ध्रुपदाकडे परतण्यापूर्वी वाढत जाणारी कडव्याची लय हे तिचे सर्वसाधारण रूप होय. लावणीतील विरह हा परंपरेने स्त्रीच्या तोंडचा. रामजोशी, होनाजी, प्रभाकर यांच्या काळी मोहिमेवर गेलेल्या पतीची वाट पाहणारी स्त्री तेथे बोलते. हा विरह लिहिणारे पुरुष आणि ऐकणारेही बहुतांशी पुरुषच, पण कंठ स्त्रीचा. गावाकडच्या खऱ्याखुऱ्या विरहिणीचा आवाज ऐकावयाचा तर जात्यावरच्या ओवीकडे जावे लागते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नातून संकलित झालेल्या लाखभर ओव्यांच्या भांडारात ग्रामीण स्त्रीचा सारा संसार तिच्याच शब्दांत उतरला आहे. म्हणजे विरह लावणीत असो वा ओवीत, तो व्यक्त करणारी स्त्रीच. जो गेला त्याला काय वाटले, हे सांगणारा आवाज आपल्या गीतपरंपरेत अगदी क्षीण आहे. 'मैना'मध्ये तो प्रथमच इतक्या ठसठशीतपणे बोलू लागतो. गाव सोडून गेलेला पुरुष येथे निवेदक आहे, आणि जिच्याविषयी तो बोलतो ती मागे राहिली आहे. गिरणगावातल्या श्रोत्याला हे गाणे 'आपले' वाटले त्याचे पहिले कारण हे असावे. कोकण-देशावरून आलेले, बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दहा-पंधरा जणांनी राहणारे, खानावळीत जेवणारे हे पुरुष. त्यांच्या एकटेपणाला तोवर शब्द मिळालेले नव्हते. मिळाले असतील तर ते फडातल्या थट्टेचे होते.

रचनेच्या आरंभी मैनेचे रूपवर्णन आहे. ते सर्वस्वी लावणीच्या संकेतांना धरून आहे. बांधा, कांती, चाल, भुवया, सोन्याची पुतळी, हिरकणी. लावणी ऐकलेल्या श्रोत्याला येथे काहीच नवे वाटत नाही, आणि तसे वाटू नये अशीच योजना आहे. कारण या रत्नजडित उपमांच्या रांगेत एकाएकी एक उपमा येते : आंधळ्याच्या हातातील काठीची. सोने, हिरा, इंद्रधनू यांच्याशेजारी एक साधी लाकडी काठी. शृंगारिक लावणीचा रचनाकार ही उपमा वापरणार नाही. तिच्यात सौंदर्य नाही, आधार आहे. आणि लगेच निवेदक स्वतःला गरीब म्हणवतो. नखशिखांत वर्णनाचा सगळा जुना सरंजाम या एका काठीपाशी येऊन थबकतो आणि श्रोत्याला उमगते की ही नायिका फडावरची नसून घरातली आहे.

त्यानंतरचा भाग निरोपाचा. भल्या पहाटेची वेळ, भाकरतुकड्याची बांधाबांध, गावाच्या कडेपर्यंत घालवायला आलेली ती. या प्रसंगात निवेदक तिची समजूत घालताना दागिन्यांची बोली करतो. कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ अशी दागिन्यांची नावे एकामागून एक येतात. लावणीत दागिन्यांची यादी येणे हे सांकेतिकच आहे. तेथे ती नायिकेच्या अंगावर असते. येथे ती केवळ आश्वासनात आहे. नायिकेच्या अंगावर त्यातले काही नाही आणि तिचे मन त्या बोलीने फुलतही नाही. पुढे निवेदक मुंबईस पोहोचतो, उन्हापावसात राबतो आणि त्याला पावसात उणीव जाणवते ती एका छत्रीची. दागिन्यांनी मढविण्याचा शब्द देऊन आलेला माणूस आणि छत्रीला महाग झालेला माणूस हे दोघे एकच आहेत, हे शाहीर कोठेही सांगत नाही. तो नुसती एक यादी आणि एक वस्तू यांच्यात काही चरणांचे अंतर ठेवतो. अण्णा भाऊंच्या गद्यावर भावविवशतेचा आणि अतिरंजिततेचा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तो काही कादंबऱ्यांच्या बाबतीत मान्य करावा लागेल. परंतु ज्या लेखकाने पावसात भिजणाऱ्या मजुराचा खिसा आणि त्याची नसलेली छत्री एवढ्यावर मुंबईचे वर्णन भागविले, त्याला संयम ठाऊक नव्हता असे म्हणवत नाही.

या रचनेच्या भाषेत आणखी एक गोष्ट लक्ष वेधून घेते. कडव्यांतील यमके मोठ्या प्रमाणात षष्ठीच्या 'ची' या प्रत्ययावर बेतलेली आहेत. शाहिरी रचनेत हे यमक नवीन नव्हे. ते सोपे आहे, लय वाढविताना हाताशी येते, आणि उत्स्फूर्त रचनेला सोयीचे असते. पण येथे ते इतक्या दीर्घ पल्ल्यापर्यंत चालते की त्याची केवळ सोय उरत नाही. षष्ठी ही मालकीची विभक्ती. ज्याच्या मालकीचे काहीही नाही असा माणूस श्वास न घेता मालकीच्या विभक्तीत बोलत राहतो : तिची, गावाची, कामाची, पावसाची, छत्रीची. आणि पुढे याच प्रत्ययावर स्वार होऊन चळवळ येते, मुलूख येतो, त्यावरचा हक्क येतो. आशयात जो सांधा अनेकांना अचानक वाटतो तो भाषेच्या पातळीवर असा फार आधीपासून जोडलेला आहे.

हा सांधा म्हणजे रचनेचा उत्तरार्ध. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आजच्या विद्यार्थ्याला ती गृहीत धरता येत नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पुन्हा गोळीबार झाले. चळवळीत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, त्याच दिवशी बेळगाव-कारवारचा भाग म्हैसूर राज्यात गेला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. पण बेळगाव, कारवार, निपाणी तिकडे आणि डांग-उंबरगाव गुजरातेत राहिले. 'मैना'च्या उत्तरार्धात परळ, लालबाग, फाउंटन येथील संघर्षाचे वर्णन येते, आणि मग निवेदक आपल्या व मैनेच्या ताटातुटीची तुलना खंडित महाराष्ट्राच्या स्थितीशी करतो.

या तुलनेवरून 'मैना म्हणजे सीमाभाग', 'मैना हे मराठी भूमीचे रूपक' अशी मांडणी सर्रास केली जाते. जयंतीच्या व्यासपीठावरून ती होते आणि मार्गदर्शिकांतूनही होते. प्रस्तुत लेखकास ती मान्य करता येत नाही. रूपकात उपमेय आणि उपमान यांचा अभेद मानलेला असतो. एकदा अर्थाची किल्ली हाती आली की वरचे आवरण बाजूला ठेवता येते. मैनेला असे बाजूला ठेवता येत नाही. भाकरी बांधून देणारी, दागिन्यांच्या बोलीने न फुलणारी ही स्त्री प्रथम आणि अखेरपर्यंत स्त्रीच आहे. रचनेत जे आहे ते साम्य आहे, आणि त्या साम्याची दिशाही नेमकी उलटी आहे. देशभक्तिपर काव्यात भूमीच्या दुःखाची थोरवी आधी मान्य असते आणि व्यक्तीच्या दुःखाला ती थोरवी उसनी दिली जाते. येथे एका मजुराच्या घरचे दुःख आधी सिद्ध होते, सविस्तर होते. आणि मग शाहीर सांगतो की महाराष्ट्राचीही अशीच गत झाली आहे. प्रमाण घरातले आहे, प्रमेय राज्याचे. ज्या श्रोत्याला प्रांतरचनेचा आयोग आणि त्याचा अहवाल यांच्याशी कर्तव्य नव्हते त्याला ताटातूट म्हणजे काय हे पुरते ठाऊक होते. कलापथकाला त्याच्यापर्यंत ज्या वाटेने जायचे होते ती ही वाट. मैनेला केवळ रूपक मानले की ही वाट पुसली जाते आणि मजुराचे दुःख हे जणू सजावटीपुरते उरते.

आता या गाण्यातील मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या शब्दाकडे वळतो. ध्रुपदात 'राहिली' हे क्रियापद आहे. मराठीत 'राहणे' या धातूच्या दोन छटा नित्य वापरात आहेत. एक, वास्तव्य करणे किंवा मागे थांबणे. दुसरी, अपुरे पडून असणे. 'आई गावी राहिली' आणि 'फी भरायची राहिली' ही दोन वाक्ये आपण एकाच क्रियापदाने बोलतो आणि त्यांतील अंतर आपल्याला जाणवतही नाही. अण्णा भाऊंना ते जाणवले. ध्रुपदात 'राहिली' पहिल्या अर्थाने येते : मैना मागे थांबली. रचनेच्या अखेरीस, लढणाऱ्यांना मागे न फिरण्याचे आवाहन करताना, तेच क्रियापद दुसऱ्या अर्थाने येते : आघाडीवर जाऊन द्यावयाचा निर्णायक तडाखा अजून द्यायचा आहे. 'बिनी' हा मराठेशाहीतील लष्करी शब्द त्या ठिकाणी शाहिराने योजला आहे. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. पोवाड्यातला हा शब्द छक्कडीच्या ध्रुपदाशी एका क्रियापदाने जोडला जातो. श्रोत्याच्या कानावर तोच शब्द, तीच चाल. अर्थ तेवढा सरकलेला. आणि झीलकरी त्यानंतर ध्रुपद पुन्हा उचलतात तेव्हा पहिल्या ओळीतील 'राहिली' आता पूर्वीच्या अर्थाने ऐकूच येत नाही. मैना मागे थांबली आहे, आणि तिला आणणे हेही एक करायचे राहून गेलेले काम आहे, असे दोन्ही अर्थ तिच्यात मिसळतात.

म्हणूनच हे गाणे संपत नाही. लावणीतील विरहाला बहुधा मिलनाची आशा असते. पोवाड्याला विजय किंवा हौतात्म्य असते. 'मैना'मध्ये दोन्हीपैकी काही नाही. ती पुन्हा भेटली की नाही हे शाहिराने सांगितलेले नाही.

येथवर संहितेचा विचार झाला. आता स्मरणाचा. गेली अनेक वर्षे १ ऑगस्टच्या आणि १८ जुलैच्या कार्यक्रमांना श्रोता म्हणून जाताना, तसेच या विषयावर विद्यार्थ्यांशी बोलताना, एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात आली : सगळे जण 'मैना' ओळखतात, पण सगळ्यांची 'मैना' एकच नाही. लग्नसमारंभात किंवा ऑर्केस्ट्रात हे गाणे होते तेव्हा ते पुष्कळदा रूपवर्णन आणि निरोप एवढ्यावर आटोपते. छत्रीपर्यंत ते क्वचित पोहोचते. फाउंटनपर्यंत फारच क्वचित. अशा श्रोत्याच्या मनातील 'मैना' ही एक सुंदर, हळवी विरहिणी आहे आणि तिला 'जुने लोकगीत' समजून रचनाकाराचे नावही गळून पडते. लोकगीताचा हा सन्मान म्हणावा तर रचनाकार मेल्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. ज्याने आयुष्यभर श्रमाची मालकी श्रमिकाला मिळावी म्हणून गाणी रचली त्याच्या गाण्याची मालकी अशी अनामिकाकडे जावी, यातला विपर्यास लक्षात घेण्यासारखा आहे.

वस्तीतील जयंतीला चित्र वेगळे दिसते. तेथे गाणाऱ्याला संपूर्ण रचना येत असते, निदान यावी अशी अपेक्षा असते. मध्येच थांबल्यास वयस्क श्रोते पुढचे शब्द पुरवितात. तेथे नाव विसरले जाण्याचा प्रश्नच नसतो. उलट गाण्यातील निवेदक आणि अण्णा भाऊ हे दोघे एकच मानले जातात, आणि वाटेगाव ते मुंबई हा त्यांचा पायी प्रवास गाण्यातील प्रवासात मिसळून जातो. चरित्राच्या काटेकोर दृष्टीने हे बरोबर नाही. अण्णा भाऊ मुंबईस आले ते लहान वयात, आईवडिलांसह. पहाटे निरोप देणारी मैना त्या वाटेवर नव्हती. पण हे सांगून त्या श्रोत्याचे समाधान मोडण्यात मला काही हशील वाटत नाही, कारण तो ज्याचे स्मरण करीत आहे तो प्रवास खरा आहे. त्याच्या स्वतःच्या बापाने किंवा आजाने केलेला आहे. अण्णा भाऊंची जन्मशताब्दी २०२० च्या १ ऑगस्टला आली ती करोनाच्या साथीत. सभा-मिरवणुका नव्हत्या, तेव्हा अनेकांनी एकमेकांना मोबाईलवरून हे गाणे पाठविले. त्याच वर्षी मार्चनंतर लाखो मजूर शहरांतून गावाकडे पायी निघाले होते, हे येथे आठवावे. गाण्यातील वाट त्यांनी उलट दिशेने कापली.

सीमाभागातील मराठी श्रोता तिसऱ्या प्रकारचा. त्याच्या दृष्टीने उत्तरार्ध हाच गाण्याचा गाभा आहे. बेळगावच्या सभेत 'राहिली' या शब्दाचा जो अर्थ लागतो तो पुण्यातल्या प्रेक्षागृहात लागणे कठीण. महाराष्ट्र शासनाने या प्रश्नावर २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अद्याप निकाली निघालेला नाही. तेव्हा त्या श्रोत्याच्या लेखी गाण्याचे शेवटचे कडवे हा इतिहास झालेला नाही. मात्र येथेही काहीतरी सांडतेच. मजूर, त्याची छत्री, गर्दीतले बेकार हे सारे येथे प्रास्ताविक ठरते. 'मैना म्हणजे सीमाभाग' हे समीकरण सर्वांत घट्ट झाले आहे ते या परिसरात. एका समूहाने पूर्वार्ध जपला, दुसऱ्याने उत्तरार्ध, आणि ज्या वस्तीने संपूर्ण रचना जपली तिच्या स्मरणशक्तीची विद्यापीठीय अभ्यासाने फारशी विचारपूस केली नाही.

या स्मरणात आवाजाचाही वाटा आहे. ज्यांनी लाल बावटा कलापथक प्रत्यक्ष ऐकले ते अमर शेखांच्या पहाडी आवाजाविषयी आजही भरभरून बोलतात. मधल्या आणि नंतरच्या पिढीच्या कानात मात्र ही छक्कड आहे ती शाहीर विठ्ठल उमप (१९३१-२०१०) यांच्या आवाजात. उमपांनी लालबावट्याची ललकारी आणि भीमगीतांची आर्तता या दोन्ही परंपरा पचविल्या होत्या. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रम चालू असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या गायनात शब्दांचे उच्चार स्वच्छ, ढोलकीशी चाललेला संवाद ठळक, आणि यादीरूप चरण म्हणताना एकेका दागिन्यावर किंचित रेंगाळण्याची लकब. त्यामुळे आज जो श्रोता दागिन्यांचे कडवे तोंडपाठ म्हणतो तो अण्णा भाऊंचे शब्द आणि उमपांचा ठेका असे दोन्ही म्हणत असतो. 'संहिता' ही संज्ञा केवळ शब्दांपुरती वापरण्याची आपली सवय अशा ठिकाणी अपुरी पडते.

शब्दांचे म्हणाल तर तेही एकसारखे नाहीत. ध्रुपदातच दोन पाठ रूढ आहेत : काहींच्या तोंडी 'गावावर' आहे, काहींच्या 'गावाकडे' किंवा 'गावाकडं'. प्रमाणभाषेच्या कानाला दुसरा पाठ सुबोध वाटतो. पण मला पहिला पाठ अधिक अर्थपूर्ण वाटतो. स्थलांतरित कुटुंबांच्या बोलीत 'गावावर कोण असतं?' असा प्रश्न विचारतात, तेव्हा त्यात गाव हे केवळ ठिकाण नसते. घरातील बाकीचे बाहेर पडले, आणि घर, जमीन, म्हातारीकोतारी यांचा भार ज्याच्यावर टाकला गेला तो 'गावावर' असतो. 'गावाकडे'मध्ये दिशा आहे. 'गावावर'मध्ये जबाबदारी आहे आणि थोडीशी असहायताही. मैना मागे थांबली ती कशासाठी, याचे उत्तर या एका शब्दयोगी अव्ययात आहे. पहिल्या पाठाच्या जागी दुसरा येणे ही लहान गोष्ट नव्हे.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ साली अण्णा भाऊंचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले आणि त्यामुळे त्यांचे विखुरलेले लेखन अभ्यासकाला एकत्र उपलब्ध झाले, हे मोठेच काम होय. त्यापुढचे काम मात्र शाहिरी रचनांच्या पाठचिकित्सेचे आहे. संतवाङ्मयाच्या बाबतीत आपण गाथेच्या प्रती जुळवतो, पाठभेद टिपतो, प्रक्षेपांची चर्चा करतो. विसाव्या शतकातील शाहिराच्या बाबतीत छापील पाठ हाच अंतिम मानून मोकळे होतो, जणू ही रचना मुळात कागदावरच जन्मली. तमाशाची शिस्त अशी आहे की श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून शाहीर चरण वाढवतो, गाळतो, गावानुसार नावे बदलतो. चळवळ १९५५ पासून १९६० पर्यंत चालली. या काळात सभांगणिक उत्तरार्ध तोच राहिला असेल, असे मानण्यास आधार नाही.

वर्गात ही रचना शिकविताना मी अलीकडे छापील पाठ आरंभी देत नाही. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी, वस्तीत, गावी ज्यांना 'मैना' येते त्यांच्याकडून ती ऐकावी आणि जशी ऐकली तशी, बोलीतील उच्चारांसह, लिहून आणावी असे सांगतो. पहिल्या फेरीतच 'गावावर' आणि 'गावाकडं' समोरासमोर येतात. दागिन्यांचा क्रम बदलतो. एखादा दागिना त्या भागात घालत नसल्यामुळे गळतो. काही पाठांत निरोपाचे कडवे सविस्तर आणि मुंबईचे त्रोटक. गिरणीकामगारांच्या घरातून आलेल्या पाठांत नेमके उलट. हे पाठ आणणारे विद्यार्थी बहुतेक वेळा आजोबांच्या पिढीकडून ते आणतात. १९५६ साली जे पंधरा-वीस वर्षांचे होते आणि ज्यांनी हे गाणे मैदानात उभे राहून ऐकले, ते आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. १९८२ चा संप आणि त्यानंतर गिरण्यांना लागलेली टाळी यांनंतर त्यांतील पुष्कळ जण सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीच्या गावांत परतले. त्यांचे पाठ टिपून घ्यावयाचे तर त्या गावांच्या परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनाच ते करता येईल, आणि त्यासाठी अवधी फार थोडा आहे.